कचऱ्याची खतावणी

व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन वह्या असावयाच्याच. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जे आले आणि जे गेले ते रोजकीर्दीत क्रमाने उतरते. कोणाच्या खाती किती निघाले, हे खतावणीत पाहावयास मिळते. जुन्या वळणाचा दुकानदार रोजचा मेळ बसल्याखेरीज दुकान वाढवीत नाही. चार आण्यांचा फरक आला तरी तो पुन्हा पुन्हा बेरीज करून पाहतो. परंतु या दोन्ही वह्यांत एका खात्याची नोंद सहसा आढळत नाही. ते खाते कचऱ्याचे होय. दुकानात आलेल्या मालापैकी किती विकला गेला, हे मालकाला तोंडपाठ असते, किती केराच्या टोपलीत गेला, हे विचारले तर तो हसून म्हणतो, "कचऱ्याचा का कोणी हिशेब ठेवतो?"

हा हिशेब ठेवला पाहिजे, आणि तो कसा ठेवावा हे व्यापाऱ्याला दाखवून देणारा कोणीतरी शहाणा मित्र असला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. हे म्हणणे नवे नाही. इंदूर शहराला असे सल्लागार शंभर वर्षांपूर्वीच लाभले होते. त्यांची हकीकत आणि त्यांच्या शिकवणीचा आजच्या दुकानांशी, हॉटेलांशी व कारखान्यांशी असलेला संबंध, हा या लेखाचा विषय आहे. महूच्या बाजारपेठेत वाढणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना तो परका वाटू नये, अशी आशा आहे.

कचरा म्हणजे काय?

कचरा म्हटला की डोळ्यांपुढे उकिरडा उभा राहतो. परंतु उकिरड्यावर पोहोचण्यापूर्वी त्यातील बहुतेक प्रत्येक जिन्नस कोणीतरी पैसे मोजून विकत घेतलेला असतो. बटाट्याची साल ही बटाट्याच्याच भावाने विकत घेतलेली असते. कपड्याच्या गठ्ठ्यावरचे प्लास्टिक, खोक्याचा पुठ्ठा, करपलेली शेव, ताटात उरलेला भात, या सर्वांची किंमत गल्ल्यातूनच गेलेली असते. म्हणून कचऱ्याची आमची व्याख्या अशी आहे : ज्याचे पैसे दिले, परंतु ज्याचे पैसे आले नाहीत, तो कचरा.

एक लहानसे गणित करून पाहू. समजा, एका फराळाच्या दुकानात रोज ४० किलो बटाटे सोलले जातात आणि बटाट्याचा भाव किलोला २५ रुपये आहे. सुरीने जाड साल काढली तर ६ किलो साल निघते. चांगल्या साल-काढणीने पातळ काढली तर ४ किलो. फरक फक्त २ किलोंचा, म्हणजे रोजच्या ५० रुपयांचा. वर्षातील ३०० दिवस दुकान चालले तर हीच रक्कम १५,००० रुपये होते. साल-काढणीला त्या मानाने किती थोडे पैसे पडतात! परंतु टोपलीतील सालींचे वजन कधी केलेच नाही, तर हे १५,००० रुपये कोणाच्या खाती मांडावयाचे?

बरे, नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. जो पदार्थ शिजवून फुकट गेला, त्यावर गॅस व मजुरीही खर्च झालेली असते. मग तो उचलून नेण्याचा खर्च येतो. आणि शेवटी एक खर्च असा असतो की जो दुकानदाराच्या वहीत कधीच येत नाही. तो गावाच्या पाण्याला, हवेला आणि कचरा उचलणाऱ्या माणसाच्या शरीराला सोसावा लागतो.

प्रत्येक धंद्याचा कचरा निराळा, हेही ध्यानात ठेवावे. खानावळीत ओला कचरा अधिक. कापडाच्या दुकानात पुठ्ठा व वेष्टने. मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात काळे तेल, तेलकट चिंध्या व जुन्या बॅटऱ्या. छापखान्यात कागदाची कात्रणे व शाईचे डबे. दवाखान्यात सुया व पट्ट्या. त्यामुळे सर्वांना एकच उपदेश लागू पडत नाही. वैद्य नाडी पाहून औषध देतो, तद्वत् येथेही दुकान पाहूनच सल्ला द्यावा लागतो.

इंदूरचा पहिला सल्लागार

महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकिर्दीत इंदूरला प्लेगने वारंवार गाठले होते. नगररचनेविषयी सल्ला देण्यासाठी दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास पाचारण केले. गेडिस (१८५४–१९३२) हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. शहराकडे ते एखाद्या सजीव प्राण्याकडे पाहावे तसे पाहत. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यासारखे शिष्य त्यांना लाभले.

१९१७ च्या दिवाळीत गेडिस यांनी इंदुरात जे केले ते अपूर्व होते. शहरातून एक मोठी मिरवणूक काढावयाची, परंतु तिचा मार्ग आधी ठरवावयाचा नाही. ज्या रस्त्यांवरील रहिवासी आपली घरे व अंगणे उत्तम स्वच्छ व दुरुस्त करतील, त्या रस्त्यांनी ती जाईल, असे त्यांनी जाहीर केले. झाले! आपल्या दारावरून मिरवणूक जावी, या हौसेने घरोघर सफाई सुरू झाली आणि केराच्या गाड्यांमागून गाड्या गावाबाहेर गेल्या. मिरवणुकीत प्लेगच्या राक्षसाची व उंदराची प्रचंड सोंगे होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, शहराचे सफाई कामगार नव्या शुभ्र वस्त्रांत, गळ्यात फुलांच्या माळा घालून, सन्मानाने त्या मिरवणुकीत चालले.

येथे कोणाला दंड झाला नाही. लोकांना जे करावयाचे ते समजावून देण्यात आले आणि ते करण्यात त्यांचा मान राहील अशी युक्ती योजण्यात आली. १९१८ साली गेडिस यांनी दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला. शहरातील मैला व सांडपाणी नदीत लोटून देण्यापेक्षा त्याचा बागांना व शेतीला उपयोग करावा, हे त्या अहवालातील एक मुख्य सूत्र होते. गावाने मातीतून जे घेतले ते मातीला परत द्यावे, हा त्याचा आशय होता.

पाल्यापाचोळ्याचे सोने

हे सूत्र कृतीत उतरविणारे दुसरे सल्लागार लवकरच इंदुरास आले. अल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) हे बिहारातील पुसा येथे अनेक वर्षे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १९२४ साली इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. मध्यवर्ती कापूस समितीने पैसा दिला. तेथे हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंत जे प्रयोग केले, त्यांतून खत करण्याची 'इंदूर पद्धत' जन्मास आली. त्यांचे प्रमुख रसायनशास्त्रज्ञ साहाय्यक यशवंत वाड हे होते. १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांवरचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने वाड यांचेही नाव आहे.

ही पद्धत सोपी आहे. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा घ्यावयाचा. त्यात पालापाचोळा, ताटे, तण इत्यादींचा थर, त्यावर शेणाचा थर, मग गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व लाकडाची राख, असे थर रचावयाचे व पाणी शिंपडावयाचे. हवा मिळावी म्हणून ढीग तीन वेळा वरखाली करावयाचा. साधारण तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधीरहित खत तयार होते. ढिगातील अदृश्य जंतूंना अन्न, पाणी व हवा यांचे योग्य प्रमाण मिळाले की बाकीचे काम तेच करतात. हवा कमी पडली तर ढीग सडतो व घाण सुटते. पाणी कमी पडले तर तो नुसता वाळत राहतो.

हॉवर्ड यांनी आपल्या पद्धतीचा मक्ता घेतला नाही. ती छापून सर्वांस मोकळी करून दिली. भारतीय शेतकरी हेच आपले खरे शिक्षक, असे ते म्हणत असत. पुढे १९३४ साली जॅक्सन व वाड यांनी हीच पद्धत नगरातील केरकचऱ्याला व मैल्याला कशी लावता येते, याचे विवेचन प्रसिद्ध केले. शेतासाठी निघालेली विद्या अशा रीतीने शहराच्या कामी आली आणि 'इंदूर' हे नाव खताच्या शास्त्रात जगभर पोहोचले.

कोकण-गोव्याकडील घरांत ही विद्या पुस्तकाशिवाय नांदत आली आहे. नारळाची सोडणे व करवंट्या चुलीत जातात, झावळ्यांची झापे विणतात, हिरांची केरसुणी होते, आणि चुलीतील राख पुन्हा माडाच्या आळ्यात पडते. वस्तू वाया जाऊ द्यावयाची नाही, हा आपल्या लोकांचा मूळ स्वभावच आहे. बाजारात बसल्यावर मात्र तो आपण विसरतो.

आजचे इंदूर आणि आपले महू

अलीकडच्या काळात इंदूरने या बाबतीत जो लौकिक मिळविला, तो सर्वांस ठाऊक आहे. २०१७ साली देशातील स्वच्छता सर्वेक्षणात हे शहर पहिले आले आणि २०२३ पर्यंत सलग सात वेळा त्याने तो मान राखला. सातव्या वेळी सुरत त्याच्या बरोबरीने होते. त्यानंतरच्या सर्वेक्षणात अव्वल शहरांचा स्वतंत्र गट करण्यात आला, त्यातही इंदूर होते. २०२३ च्याच सर्वेक्षणात देशातील छावणी परिषदांमध्ये आमच्या महू छावणीला पहिला क्रमांक मिळाला. हा आनंद आम्हां महूकरांनी का लपवावा?

या यशाचे रहस्य रस्ता झाडण्यात नाही, कचरा वेगळा करण्यात आहे. घरोघरी व दुकानोदुकानी गाडी जाऊ लागली आणि त्या गाडीत ओला, सुका, प्लास्टिक, स्वच्छतावस्त्रे, घातक व विजेच्या उपकरणांचा अशा कचऱ्यासाठी वेगवेगळे कप्पे झाले. चोइथराम मंडीत भाजीपाल्याच्या कचऱ्यापासून वायू करण्याचा रोजी २० टनांचा प्रकल्प उभारण्यात आला. देवगुराडियाच्या सुमारे १०० एकर मैदानावर साचलेला १३ लाख टन जुना कचरा २०१८ साली उपसून, चाळून संपविण्यात आला. त्याच देवगुराडियात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी रोज ५५० टन ओला कचरा पचविणाऱ्या वायुप्रकल्पाचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. त्यातून रोज सुमारे १७,००० किलो वायुइंधन व १०० टन खत मिळावे, अशी योजना होती.

परंतु एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. असा प्रकल्प म्हणजे एक प्रचंड पोट आहे. पोटात काचा, खिळे, प्लास्टिक गेले तर ते बिघडणारच. त्याला योग्य अन्न मिळते की नाही, हे देवगुराडियात ठरत नाही. ते छप्पन दुकानच्या एखाद्या स्वयंपाकघरात, सराफ्यातील रात्रीच्या एखाद्या ठेल्यावर, महूच्या एखाद्या किराणा दुकानात ठरते. शिवाय, वाया गेलेल्या अन्नाचा वायू झाला म्हणजे नुकसान भरून निघाले, असेही नाही. भुट्ट्याचा कीस करून उरलेले मक्याचे दांडे वायुप्रकल्पात जावेत, हे उत्तम. पण तयार केलेला कीसच शिळा होऊन तेथे गेला, तर त्यात दूध, तूप, मसाला व आचाऱ्याची मेहनत, सारेच बुडाले. म्हणून पहिला क्रम कचरा न होऊ देण्याचा, दुसरा झालेल्या वस्तूचा पुन्हा उपयोग करण्याचा, तिसरा तिचे खत, वायू वा नवी वस्तू करण्याचा, आणि अगदी शेवटी पुरण्याचा वा जाळण्याचा. पालिकेचे हात तिसऱ्या व चौथ्या पायरीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दोन पायऱ्या दुकानदाराच्याच हाती आहेत.

दंड की सल्ला?

२०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याविषयी नियम केले. दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे उत्पादक ठरवून, कचरा वेगळा करण्याची व ओल्या कचऱ्याची व्यवस्था लावण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यात आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्याही बंद झाल्या. तळणीच्या तेलाबाबतही असाच नियम आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात विषारी द्रव्ये वाढू नयेत, म्हणून २०१८ साली मर्यादा घालण्यात आली आणि रोज ५० लिटरांहून अधिक तेल तळणात वापरणाऱ्यांनी त्याची नोंदवही ठेवावी, असे २०१९ पासून ठरले. म्हणजे कचऱ्याची खतावणी सरकारनेच एका जिनसापुरती सुरू करून दिली आहे!

नियम हवेत आणि ते मोडणाऱ्यास दंडही हवा, याविषयी आमचा वाद नाही. परंतु नुसत्या दंडाचा एक दोष आहे. दंडाच्या भीतीने मनुष्य कचरा कमी करीत नाही, लपवितो. रात्री तो शेजारच्या नाल्यात जातो. आणि पुष्कळदा दुकानदाराची इच्छा असूनही, नेमके काय करावे हेच त्याला ठाऊक नसते. तेथे सल्लागार पाहिजे.

आपल्या देशात याचा एक चांगला प्रयोग झालेला आहे. १९९३-९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना व आपली राष्ट्रीय उत्पादकता परिषद यांनी मिळून लहान कारखान्यांतील कचरा कमी करण्याची प्रात्यक्षिके घेतली. शेतीतील ताटांपासून कागद करणारे, कापड रंगविणारे व छापणारे आणि कीटकनाशके तयार करून भरणारे, अशा तीन धंद्यांतील एकूण १२ कारखाने त्यासाठी निवडले होते. तज्ज्ञांनी कारखान्याच्याच माणसांना बरोबर घेऊन सहा पायऱ्यांची पद्धत चालविली : कामाची सुरुवात व गट करणे, प्रत्येक प्रक्रियेची तपासणी, उपाय शोधणे, त्यांतील योग्य ते निवडणे, अमलात आणणे आणि ते टिकविणे. मोठ्या यंत्रांची गरज सर्वत्र पडली नाही. गळता नळ दुरुस्त करणे, माप घालून रंग मिसळणे, सांडलेले उचलून परत वापरणे, अशा कमी खर्चाच्या वा बिनखर्चाच्या उपायांनीही पुष्कळ काम साधले.

त्यानंतरच्या काळात 'कचरा न्यूनीकरण मंडळे' ही कल्पना निघाली. एकाच धंद्यातील काही लहान कारखानदारांनी मंडळ करावयाचे, आळीपाळीने एकमेकांच्या कारखान्यात जमावयाचे, आणि एकाला सापडलेली युक्ती दुसऱ्याने उचलावयाची. व्यापारी परक्या पंडिताचे ऐकेलच असे नाही. परंतु आपल्यासारख्याच दुसऱ्या व्यापाऱ्याचे पैसे वाचलेले पाहिले की त्याची लगेच खात्री पटते. मनुष्यस्वभावाची ही ओळख त्या कल्पनेच्या मुळाशी होती.

चांगला सल्लागार कसा ओळखावा?

तो येताच उपदेश करीत नाही, आधी पाहतो. माल कोठून येतो, कोठे ठेवला जातो, कोण चिरतो, कोण बांधतो, काय सांडते, संध्याकाळी काय उरते, हे तो मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पाहत जातो. मग वजन करतो. मग मालकाला आणि नोकरांनाही प्रश्न विचारतो. कारण वाया काय जाते, हे पुष्कळदा मालकापेक्षा भांडी घासणाऱ्या पोऱ्यालाच अधिक ठाऊक असते. शेवटी तो तीन प्रकारचे उपाय सांगतो : आजच फुकट करता येण्याजोगा एक, थोड्या खर्चाचा एक आणि विचार करून पुढे करावयाचा एक. एका दुकानातली गोष्ट तो दुसऱ्या दुकानात बोलत नाही. आणि महिन्याने तो पुन्हा येतो. पुन्हा न येणारा सल्लागार म्हणजे औषध देऊन निघून गेलेला वैद्य!

दुकानदारांच्या शंका

"आमचे दुकान ते केवढे? आमच्या कचऱ्याने काय होणार?" ही पहिली शंका. एका दुकानाचा पुठ्ठा थोडा, हे खरे. परंतु गल्लीतील दहा दुकानांनी पुठ्ठा कोरडा ठेवून एकत्र बांधला, तर रद्दीवाला त्यासाठी स्वतः येईल आणि भावही बरा देईल. भिजलेल्या, खरकटे लागलेल्या पुठ्ठ्याला तो हातही लावीत नाही. वस्तू तीच, वेगळी ठेवली तर माल, मिसळली तर कचरा.

"गिऱ्हाईक पिशवी मागते, आम्ही काय करावे?" ही दुसरी. यास उपाय असा की, न विचारता पिशवी देऊ नये. "पिशवी आणली आहे का?" एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ जण आपली पिशवी पुढे करतात. कापडी पिशवी अनामत घेऊन द्यावी व परत आणल्यास पैसे परत द्यावेत. बाटलीची अनामत ठेवण्याची चाल आपल्याकडे होतीच की!

"आम्ही कर भरतो, उचलणे हे त्यांचे काम," ही तिसरी शंका. उचलणे हे त्यांचे काम खरेच. परंतु वाया गेलेल्या मालाची किंमत कोणताही करवसूल करणारा परत देत नाही. तो तोटा दुकानदाराचाच राहतो.

कचरा उचलणारे हात

येथवर आम्ही पैशाचा हिशेब मांडला. आता ज्या हिशेबासाठी हा लेख प्रामुख्याने लिहिला, त्याकडे वळतो.

मिसळलेल्या कचऱ्याची पिशवी आपण टाकतो, ती कोणीतरी उघडतो. तिच्यात फुटलेल्या पेल्याची काच असते, दवाखान्यातील सुई असते, गॅरेजातील बॅटरीचे आम्ल असते. ती उघडणाऱ्या माणसाला आत काय आहे हे कळण्याचा एकच मार्ग असतो. तो म्हणजे त्याचा हात. दुकानातला दोन मिनिटांचा आळस त्याच्या बोटांवर जखम होऊन उमटतो. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या महूत जन्मले आणि २००३ पासून ज्या गावाने त्यांचेच नाव धारण केले, त्या गावात कचऱ्याचा प्रश्न हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न राहू शकत नाही. घाण करावयाची एकाने आणि तिच्यात हात घालावयाचा जन्माने ठरलेल्या दुसऱ्याने, ही विभागणी मोडण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. कचरा आपल्या हाताने वेगळा करणारा दुकानदार ही विभागणी थोडीशी का होईना, मोडीत असतो. गेडिस यांनी सफाई कामगारांच्या गळ्यात माळा घातल्या, ते चांगलेच झाले. परंतु त्यांच्या हातात सुरक्षित कचरा देणे हा त्याहून मोठा सत्कार होय.

कारखान्याने आपला कचरा वेळीच आवरला नाही तर काय होते, याचे उदाहरण महूपासून फार दूर नाही. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री विषारी वायू सुटला. कारखाना बंद पडला; पण त्याच्या आवारातील घातक कचरा तेथेच राहिला. त्यातील ३३७ टन कचरा १२ बंद पेट्यांतून २ जानेवारी २०२५ रोजी आमच्या शेजारच्या पीथमपुरात आणला गेला, तेव्हा लोकांत केवढी भीती पसरली होती! जून २०२५ अखेर तो जाळून संपला. म्हणजे ज्यांनी तो केला त्यांच्यानंतर चाळीस वर्षांनी, ज्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता अशा लोकांच्या दारी तो आला. फराळाच्या दुकानाची आणि त्या कारखान्याची बरोबरी होऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु आपल्या कचऱ्याचा हिशेब आपण केला नाही तर तो दुसऱ्या कोणाला तरी चुकवावा लागतो, हा नियम मात्र दोघांनाही सारखाच लागू आहे.

विद्यार्थ्यांनी करून पाहावयाचा पाठ

आमच्या शाळेतील कितीतरी मुलामुलींच्या घरी दुकान आहे. त्यांनी व त्यांच्या मित्रांनी पुढील पाठ एक आठवडा करून पाहावा.

१. वडीलधाऱ्यांची किंवा दुकानदारकाकांची परवानगी घ्यावी. "तुमचा दोष काढावयास आलो नाही, मोजावयास आलो आहो," हे आधीच सांगावे.

२. ओला, कागद-पुठ्ठा, प्लास्टिक-धातू-काच आणि घातक, अशी चार खोकी चिठ्ठ्या लावून ठेवावीत. घातक खोक्याला विद्यार्थ्यांनी हात लावू नये. ते मोठ्यांनीच हाताळावे. इतर कामातही हातमोजे घालावेत.

३. रोज दुकान बंद होताना ताणकाट्याने घातकखेरीज प्रत्येक खोक्याचे वजन करून वहीत लिहावे. तारीख, प्रकार, वजन व 'का वाया गेले?' असे चार रकाने आखावेत. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. 'जास्त आणले', 'जास्त शिजवले', 'भिजले', 'मुदत संपली', 'वेष्टन म्हणून आले', अशी कारणे थोडक्यात लिहावीत.

४. सातव्या दिवशी बेरीज करावी आणि कोणते कारण सर्वांत जड, ते शोधावे. खरेदीच्या भावाने त्याची किंमत काढावी.

५. त्या एकाच कारणावर तीन उपाय सुचवावेत. निवड दुकानदारावर सोडावी.

६. एका महिन्याने पुन्हा सात दिवस मोजावे व दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडाव्यात.

यात गणित आहे, विज्ञान आहे, नागरिकशास्त्र आहे आणि चार माणसांशी नम्रतेने कसे बोलावे याचे शिक्षणही आहे. ओल्या कचऱ्याचे वजन फार निघाले, तर शाळेच्या आवारात इंदूर पद्धतीचा एक लहान खड्डा करता येईल. हॉवर्ड व वाड यांनी आपल्याच शेजारी शोधलेली विद्या आपण आपल्या हातांनी करून पाहावी, यापरते चांगले प्रात्यक्षिक कोणते?

आपल्या भाषेत 'खत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शेताला घालावयाचे खत. दुसरा, देणेघेणे पक्के करणारा लेख, ज्यावरून कर्जखत, खरेदीखत हे शब्द आले. कचऱ्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. जे लिहून ठेवू त्याचाच सांभाळ होईल, आणि जे सांभाळू त्याचेच सोने होईल. ज्या दिवशी महूच्या बाजारातील एखादा दुकानदार दिवसाच्या मेळाखाली 'आज कचरा : अमुक किलो' अशी एक ओळ स्वतःहून लिहील, त्या दिवशी ती खतावणी पुरी झाली असे आम्ही समजू. ती ओळ त्याच्याकडून लिहवून घेण्याचे काम आमच्या विद्यार्थ्यांनी करावे.